समुद्र काय पळून जातोय

कासाब्लांकाच्या मोठ्या स्टेशनाबाहेर लाल टॅक्स्यांची रांग लागते. त्या रांगेत अस्सूला सगळे 'स्टेशनमास्तर' म्हणत. हे नाव काही मानाने पडलेलं नव्हतं. गाडीतून उतरलेला एखादा परदेशी पाहुणा, पाठीवर पिशवी आणि हातात नकाशा घेऊन त्याच्या टॅक्सीत बसला की पहिला चौक यायच्या आत विचारायचाच, इथे बघण्यासारखं काय आहे, दोन दिवस राहावं का? अस्सू त्यावर वर्षानुवर्षं एकच उत्तर देत आला होता. फ्रेंचमध्ये, मोडक्या इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये, आणि एका जपानी बाईने शिकवल्यापासून तिच्याही भाषेत.

"समुद्रावरची मशीद. एक तास. मग मराकेशची गाडी."

त्या तासात तो मशिदीबाहेर गाडी लावून पेंगायचा आणि मग पाहुण्याला उचलून परत स्टेशनावर आणून सोडायचा. रांगेतले बाकीचे चालक हसायचे. "आला बघा स्टेशनमास्तर. आणखी एकाला हाकलून लावलंन," असं म्हणायचे. अस्सू म्हणायचा, मी खोटं काय सांगतो? आणि खरंच, त्याच्या लेखी ते खोटं नव्हतं. हे शहर कामाला येण्याचं होतं. नावाचा अर्थ पांढरं घर, पण भिंतींचा पांढरा रंग धुराने कधीच मळलेला. वाहनांची कोंडी, कर्कश भोंगे, खोदलेले रस्ते. इथे येऊन बघायचं काय?

पण तो पहिल्यापासून असं म्हणत नव्हता.

डोंगराळ अझिलालच्या वरच्या अंगाला, जिथे डांबरी रस्ता संपल्यावरही अर्धा दिवस चालावं लागायचं, तिथल्या एका गावात अस्सू जन्मला. अक्रोडाची झाडं, बकऱ्या, आणि चार महिने बर्फ. आई लवकर गेली. त्याला वाढवलं ते सात वर्षांनी मोठ्या असलेल्या इत्तोने. त्याला पाठीशी बांधून लाकडं आणायला जाणारी, त्याच्या वाटणीची भाकरी पदरात झाकून ठेवणारी, त्याला ताप आला की त्याच्याआधी स्वतःच पांढरीफटक पडणारी बहीण. एकोणिसाव्या वर्षी तो शहरात आला, गावात ज्याला अजूनही दार-बैदा म्हणतात त्या शहरात. पहिल्याच आठवड्यात कामाच्या शोधात चालता चालता एक रस्ता संपला आणि समोर समुद्र होता. तो संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही.

त्या वर्षी ईदला घरी गेला तेव्हा त्याला दुसरं काही बोलायलाच सुचत नव्हतं. इत्तो पीठ मळत होती आणि तो तिच्यासमोर उकिडवा बसून सांगत होता, की डोंगराच्या जागी पाणी आहे असं समज, आणि तो डोंगर तुझ्याकडे चालत येतो आणि पायाशी येऊन मोडतो. इत्तोचे हात परातीत थांबले होते.

"मग तुम्ही पळत नाही?" तिने विचारलं होतं.

"पळायचं कशाला? तो आपला आपणच परत जातो. तुला दाखवीन मी. हाताला धरून नेईन."

हे त्याने म्हटलं, आणि मग एकतीस वर्षं गेली.

त्याचं कारण कोणाच्या मनात खोट होती असं नाही. इत्तोचं लग्न त्याच गावात झालं. नवरा आधी तापट आणि मग आजारी. बकऱ्या होत्या, पाणी लांबून आणायचं होतं. अस्सूने हमाली केली, मग टॅक्सी धरली, स्बाता वस्तीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक बैठकीची खोली घेतली, रकियाशी लग्न केलं. रकिया इथलीच, इथल्याच गल्लीत वाढलेली. शहरी लाल टॅक्सीला शहराची हद्द ओलांडायची परवानगी नाही, म्हणून गावाला तो बसनेच जायचा, वर्षा-दोन वर्षांनी. आणि दर खेपेला इत्तो त्याच्या टॅक्सीत पायाखाली घालायला लोकरीच्या सतरंज्या विणून ठेवायची. पुढे दोन, मागे एक लांब. काळ्या-तांबड्या पट्ट्यांच्या. रांगेतल्या कोणाच्याच गाडीत तसलं काही नव्हतं. अस्सू त्यांना जिवापाड जपायचा आणि समुद्रावरून ओले बूट घेऊन येणाऱ्या प्रवाशांवर मनातून जळायचा.

इत्तोचा नवरा वारला. विधवेच्या सुतकाचे चार महिने दहा दिवस तिने घरात काढले आणि त्यानंतर, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर कोणाचं काही करायचं उरलं नाही. बकऱ्या शेजारणीच्या, तूदाच्या, हवाली करून ती बसमध्ये बसली. येताना तिने पिशवीभर अक्रोड, बरणीभर मुरवलेलं लोणी आणि तीन नव्या सतरंज्या आणल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी ती त्यांच्या दारात उभी राहिली आणि रकियाच्या दोन्ही गालांचे मुके घेऊन होतं नव्हतं तेवढं अरबी गोळा करून म्हणाली, "मी दार-बैदा बघायला आले."

सगळे हसले. इत्तोही हसली. पण तिने ते खरं म्हणून सांगितलं होतं.

रकियाने महिनाभर तयारी केली होती. बैठकीची खोली, जी एरवी चादरी घालून बंद असे, ती उघडली होती, गाद्यांचे अभ्रे धुतले होते. नवऱ्याची बहीण पंचवीस वर्षांत पहिल्यांदा घरी येतेय, आणि तीही अशी, सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांतून नुकती बाहेर पडलेली. तिला काही कमी पडलं असतं तर रकियाला गल्लीत तोंड दाखवायला जागा उरली नसती. त्या रात्री मेथ्या घातलेली रफिसा झाली, भाकरीच्या तुकड्यांवर रस्सा, कोंबडी अख्खी इत्तोच्या समोर सरकवली गेली. दुसऱ्या दिवशी शुक्रवार म्हणून कुसकूस, सात भाज्यांचं, आणि नमाजानंतर तिन्ही मजल्यांवरच्या बायका पाहुणीला बघायला आल्या. प्रत्येकीने आपापल्या घरी चहाचं आमंत्रण दिलं आणि प्रत्येकीकडे जाणं भाग होतं, एकीकडे गेलं आणि दुसरीकडे नाही असं चालत नाही. शनिवारी रकियाच्या बहिणीने जेवायला बोलावलं. इत्तो एका गादीवरून दुसऱ्या गादीवर बसत होती, तिच्यासमोर ताटं येत होती, आणि ती सगळ्यांना दुवा देत होती.

शुक्रवारी दुपारी एकदा तिने अस्सूला विचारलं. हात पुसता पुसता, सहज विचारावं तसं. "समुद्र इथून लांब आहे का रे?"

"लांब कुठे? गाडीने अर्धा तास. जाऊ या ना. समुद्र काय पळून जातोय?"

तिने पुन्हा विचारलं नाही. हे अस्सूच्या नंतर, फार नंतर लक्षात आलं, की ती दुसऱ्यांदा विचारणारच नव्हती. पाहुण्याने बाहेर जायचं म्हटलं तर त्याचा अर्थ घरातल्या ताटाला कंटाळला असा होतो, आणि हे इत्तोला रकियाइतकंच ठाऊक होतं. घरच्यांनी न्यायचं असतं. आणि घरचे ताटं वाढत होते. पाहुणीला रस्तोरस्ती फिरवायचं म्हणजे घरात तिला द्यायला काही नाही असं दिसेल, असं रकियाला प्रामाणिकपणे वाटत होतं. आणि अस्सूला वाटत होतं की बघण्यासारखं आहेच काय.

रविवारी तो दुपारी लवकर परतून तिला घेऊन जाणार होता. ठरलं होतं तसं. पण स्टेशनावर एक डच जोडपं भेटलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, अस्सूने नेहमीचं उत्तर दिलं, पण ती दोघं ऐकेनात. म्हणाली, आम्हाला मराकेश नको, आम्हाला समुद्रच बघायचाय, दिवसभर टॅक्सी ठेवतो. मग तो त्यांना मशिदीपाशी घेऊन गेला, दीपस्तंभापाशी, किनाऱ्याच्या रस्त्याने खडकावरच्या दर्ग्यापर्यंत. ती बाई पायऱ्या उतरून पाण्यात गेली आणि घोट्याच्या वरपर्यंत भिजून हसत परत आली. घरी पोचेपर्यंत सूर्य बुडाला होता.

जेवताना तो सगळा वेळ सतरंजीबद्दल कुरकुरत होता. नवी कोरी सतरंजी, आत्ताच घातलेली, आणि पहिल्याच दिवशी खारं पाणी आणि वाळू. रकिया म्हणाली, जेव आता, सतरंजीचं सुतक करू नकोस. पण इत्तो ताटातला हात काढून त्याच्याकडे बघत होती.

"पायऱ्या आहेत तिथे?" तिने विचारलं.

"आहेत."

"किती?"

"कोण मोजतंय? असतील पंधरा-वीस."

"आणि पाणी कुठपर्यंत येतं?"

"भरतीला खालून तिसरीपर्यंत. त्या बयेला सांगितलं होतं तिसरीच्या खाली जाऊ नको म्हणून. ऐकतात कुठे."

"कसल्या रे? दगडाच्या?"

"दगडाच्या. शेवाळलेल्या. निसरड्या." अस्सूने भाकरीचा तुकडा मोडला. "तू जेव ना, इत्तो. काय त्या पायऱ्यांचं घेऊन बसलीस."

तिने आणखीही काय काय विचारलं त्या दिवशी. दर्गा खडकावर आहे तर लोक जातात कसे, दीपस्तंभ फिरतो म्हणजे काय फिरतं, मशिदीच्या आत उभं राहिलं तर पायाखाली पाणी ऐकू येतं का. तो चावता चावता उत्तरं देत गेला. बहीण आपली त्याच्या दिवसभराच्या कामाची चौकशी करतेय असं त्याला वाटलं.

जेवणं झाल्यावर ती स्वतः खाली जाऊन ओली सतरंजी घेऊन आली. ती गच्चीवर नेऊन गोड्या पाण्याने धुवायला हवी, खार राहिला तर लोकर कुजते, असं म्हणाली. जिन्यात शिरायच्या आधी अस्सूने तिला पाहिलं. तिने सतरंजीच्या ओल्या कडेला बोट लावलं आणि ते बोट जिभेवर ठेवलं. डाग कसला आहे ते बघतेय, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने टीव्ही लावला.

सोमवारी सकाळी दहाची बस होती. आठला घरून निघाले. रकिया दारात रडली, इत्तोच्या पिशवीत भाजलेली बिस्किटं आणि दोन नवे रुमाल कोंबले. गाडीत इत्तो पुढे बसली, पाय उचलून धरल्यासारखे ठेवून, स्वतःच विणलेल्या सतरंजीवर जोर पडू नये म्हणून. गल्लीच्या तोंडाशी अस्सूने घड्याळ पाहिलं. बसचा तळ डाव्या हाताला होता. त्याने गाडी उजवीकडे वळवली.

"तासभर आहे," तो म्हणाला. "चल, पटकन दाखवून आणतो."

इत्तोने डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधला, कोणाच्या घरी जाताना बांधावा तसा.

त्या सकाळी शहरावर धुकं उतरलं होतं. धुक्यातून एक म्हातारी हात वर करून उभी दिसली, बगलेत क्ष-किरणाचं मोठं पाकीट. आता कासाब्लांकात टॅक्सीवाल्याची रीत अशी आहे की गाडीत जागा असेपर्यंत वाटेवरच्या माणसाला घ्यायचं. तिघं बसतात, आणि तिसरी जागा रिकामी ठेवून पुढे गेलेला चालक शिष्ट समजला जातो. अस्सूला तर विचारही करावा लागत नसे. रस्त्याच्या कडेला हात वर झाला की त्याचा पाय आपसूक ब्रेकवर जायचा. तो गेला.

"घे की त्यांना," इत्तो म्हणाली. "आजारी दिसतात बिचाऱ्या."

म्हातारीला दवाखान्यात जायचं होतं, आणि दवाखाना जवळजवळ वाटेवरच होता. जवळजवळच. तिला सोडायच्या आधी आणखी एक हात वर झाला, नमुन्यांची पेटी घेतलेला विक्रेता, त्याला मआरिफच्या बाजारात उशीर होत होता. अस्सूचा पाय पुन्हा ब्रेकवर. म्हातारी उतरली, विक्रेता राहिला. मग ट्रामच्या कामासाठी खोदलेल्या रस्त्यापाशी सगळं तुंबलं. विक्रेत्याला सोडून अस्सूने गाडी एका उताराच्या रस्त्याला घातली तेव्हा खिडकीतून ओली, जड हवा आत आली.

इत्तोने मान वर केली. "हा वास कसला?"

"समुद्राचा. इथेच आहे तो. हा रस्ता संपला की."

रस्त्याच्या टोकाला धुकं होतं, नुसतं पांढरं. अस्सूने घड्याळ पाहिलं. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती. तळ शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, आणि ती बस चुकली तर पुढची दुसऱ्या दिवशी, आणि पुढे डोंगरात नेणारी जोडगाडी तर त्याच्याही नंतर. तूदा बकऱ्या घेऊन वाट बघत असणार. त्याचे हात चाकावर तसेच राहिले.

"वळव," इत्तो म्हणाली. "चुकेल माझी बस."

"पुढच्या वेळी, इत्तो. पुढच्या वेळी आधी तेच करू. घरी जायच्याही आधी."

"अरे, समुद्र काय पळून जातोय?" ती म्हणाली, आणि त्याच्या मनगटावर थोपटलं.

पुढची वेळ आली नाही. आधी तिचे गुडघे गेले. मग दोन वर्षं दुष्काळ पडला आणि बकऱ्या विकाव्या लागल्या, मग अस्सूच्या मुलीचं, हनानचं लग्न निघालं, आणि त्याला इत्तो बर्फामुळे येऊ शकली नाही. गावात फोन आला होता. ती महिन्यातून एकदा तूदाच्या नातीच्या फोनवरून बोलायची. सगळ्यांची खुशाली विचारून झाली की शेवटी तिचा ठरलेला प्रश्न असे.

"समुद्र आहे ना रे जागेवर?"

"आहे, आहे."

"मग बरं."

अस्सू फोन ठेवून हसायचा. दहा वर्षं तो हसला. स्टेशनावर पाहुणे येत राहिले, आणि तो त्यांना मराकेशच्या गाडीत बसवत राहिला.

फेब्रुवारीत तूदाच्या नातीचा फोन आला तेव्हा इत्तो गेली होती. तिकडे मयताला थांबवून ठेवत नाहीत. अस्सू बसने, मग जोडगाडीने, मग बर्फातून पायी पोचला तोवर तिला पुरून दुसरा दिवस उजाडला होता. ताज्या मातीवर त्याने हात ठेवला, माती गोठलेली होती. तिसऱ्या दिवशीचं जेवण त्याने घातलं. पुरुष जेवून उठले, मग बायका आल्या, म्हाताऱ्या सगळ्या, आणि रिवाजाप्रमाणे एकेक जण त्याच्यापाशी येऊन दोन शब्द बोलून गेली.

पण त्या नुसता शोक करत नव्हत्या. त्या त्याचे आभार मानत होत्या.

पहिलीने म्हटलं, अल्ला तुझ्या हातांना बरकत देवो, तू तिला सगळं दाखवलंस. अस्सूला वाटलं ही म्हातारी दुसऱ्या कोणाबद्दल बोलतेय. दुसरीही तेच म्हणाली. मग तूदा आली, लाकडी काठी टेकत, आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तूदा त्याला तो पाठीवर होता तेव्हापासून ओळखत होती.

"दहा वर्षं ऐकतोय आम्ही," ती म्हणाली. "हिवाळ्यात चुलीशी बसलो की दुसरं काही नाही. सांग ना इत्तो, समुद्राचं सांग. कशी लाल गाडी होती तुझी, पुढच्या जागेवर बसवलंस तिला, राणीसारखं. दिवा कसा गरगर फिरतो. मशिदीत पायाखाली पाणी कसं घुमतं. खडकावरच्या दर्ग्यात जायला पाणी ओसरायची वाट बघावी लागते, आणि तू तिला हाताला धरून नेलंस."

अस्सूने काही तरी बोलायला तोंड उघडलं.

"आणि पायऱ्या," तूदा म्हणाली. "शेवाळलेल्या. तू तिला बजावलंस की तिसरीच्या खाली जाऊ नको, आणि ही बाई कसली ऐकते. गेली खाली. भिजली. मग वर येऊन पायरीवर बसली. मी म्हटलं, मग पाण्याची चव घेतलीस की नाही? म्हणाली, घेतली, मिठासारखं लागतं, पण त्यात लोकरीचाही वास असतो थोडा." तूदा डोळे पुसता पुसता हसली. "लोकरीचा वास समुद्राला. इत्तोचं नाक नेहमीच वेगळं. आणि तुझी सतरंजी सगळी ओली झाली म्हणे, नवी कोरी, पण तू एका शब्दानेही रागावला नाहीस."

चूल धुमसत होती. बाहेर कोणीतरी भांडी घासत होतं. अस्सूच्या हातात चहाचा पेला होता आणि तो पेला खाली कसा ठेवतात ते त्याला आठवेना. खरं सांगावं असं त्याच्या मनात आलं. सांगितलं तर स्वतःची लाज निघाली असती, ती त्याने सोसली असती. पण या सगळ्या बायकांपुढे इत्तो खोटारडी ठरली असती, कबरीवरची माती वाळायच्या आधी. तिने ते भावासाठी रचलं होतं, आणि आता त्याला ते तिच्यासाठी तसंच राहू द्यायचं होतं.

"नाही रागावलो," तो म्हणाला.

तूदाने मान हलवली. मग थोड्या वेळाने, काठीच्या मुठीशी चाळा करत, तिने विचारलं. नातीला दार-बैदात शिवणाच्या कारखान्यात काम लागलंय, पोरगी एकटीच आहे, तिच्यासोबत एकदा येऊन जावं म्हणते. पण दहा तास बसचा प्रवास, आणि ही हाडं. "तू तिथलाच, तू सांग. एवढ्या लांब येण्यासारखं आहे का रे?"

हा प्रश्न त्याला किती हजार वेळा विचारला गेला असेल. उत्तर त्याला चार भाषांत पाठ होतं.

"ये," तो म्हणाला.

तूदा ईदनंतर आली. नात सकाळीच कामावर गेली होती. रकियाने अर्थातच ताट वाढलं होतं, पण अस्सूने ते झाकून ठेवायला सांगितलं. आल्यावर जेवू. रकिया त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने स्वतःच तूदाच्या पायात बूट चढवायला मदत केली. इत्तोच्या नावाने तीही अधूनमधून डोळे टिपत असे. एकदा म्हणाली होती, मी तिला नुसती खाऊच घालत बसले.

उताराच्या रस्त्याला लागण्याआधी कडेला एक हात वर झाला. बाई होती, बरोबर दोन पिशव्या. अस्सूचा पाय ब्रेककडे गेला, आणि त्याने तो तसाच मागे घेतला. पुढे गेला.

"अरे, थांब की. उभी आहे बिचारी," तूदा म्हणाली.

"दुसरी मिळेल तिला."

आरशात तो वर केलेला हात बराच वेळ दिसत राहिला. मागच्या टॅक्सीवाल्याने भोंगा वाजवून काहीतरी सुनावलं, बहुधा आईबापाचा उद्धार. अस्सूने ऐकलं नाही. अकरा वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं.

त्या दिवशी धुकं नव्हतं. रस्ता संपला आणि समुद्र होता. तूदा पायऱ्यांच्या माथ्यावर काठी रोवून उभी राहिली. मग तिने पायऱ्या मोजल्या, बोटाने, मोठ्याने. अठरा भरल्या. अस्सूने त्या कधीच मोजल्या नव्हत्या.

"कुठली ती?" तिने विचारलं. "इत्तो कुठल्या पायरीवर बसली होती?"

अस्सूने खाली पाहिलं. लाट आली, दोन पायऱ्या गिळून गेली, परत आली. कुठल्याच दगडावर कोणाची काही खूण नव्हती. त्याने हात वर करून बोट दाखवलं.

"ती. खालून तिसरी."

"धर मला."

त्याने तिला हाताला धरून उतरवलं. निसरड्या दगडावरून, एकेक पायरी, तिचं सगळं वजन त्याच्या दंडावर. तूदा तिसऱ्या पायरीवर बसली, आणि इत्तोसाठी जागा सोडावी तशी थोडी कडेला सरकली. लाट तिच्या बुटांवरून गेली. तिने पाय हलवले नाहीत. पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि विचारात पडली.

"लोकरीचा नाही येत वास," ती म्हणाली.

अस्सू एक पायरी वर उभा होता.

"आणि इत्तो सांगायची त्यापेक्षा लहानच वाटतो हा." तिने आरोप केल्यासारखं नव्हे, नुसतंच सांगितलं.

"तिने नीट बघितला होता," अस्सू म्हणाला.

परतताना टॅक्सीच्या दारापाशी तूदा अडखळली. बुटांतून पाणी ठिबकत होतं आणि गाडीत पायाखाली इत्तोच्या हातची शेवटची सतरंजी होती, कडा विरलेली, पट्टे अजून तांबडे. बूट हातात घेऊन अनवाणी बसते म्हणाली. अस्सूने तिला तशीच, ओल्या बुटांनिशी, पुढच्या जागेवर बसवलं आणि दार लावून घेतलं.